कपाळापर्यंत

बेबी ऑफ पद्मजा बरगाले.
मनगटाच्या पट्ट्यावर एवढंच, नाव अजून नव्हतं.
संध्याकाळी पाच एकेचाळीस.
वजन नंतर केलं.

रडलं नाही.
निळसर, ढिलं,
पिळायचं राहून गेलेल्या फडक्यासारखं.

मगदूम सरांनी मास्क धरला, बॅग घेतली,
आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागले,
दाब, दोन, तीन,
दाब, दोन, तीन.
माझ्याकडे फक्त कपाळ.
त्यावर चिकट पांढरा थर असतो, तो पुसावा लागतो,
नाहीतर पट्टी बसत नाही,
आणि पट्टी बसली नाही की उजेड कडेनं सांडतो
आणि यंत्र खोटं बोलतं.

सुई नाही. टोचणं नाही. थेंबभर रक्त काढायचं नाही.
पट्टीच्या एका डोळ्यातून उजेड आत जातो,
तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा,
कवटीच्या त्या कोवळ्या भिंतीतून
मेंदूतल्या रक्तात बुडतो,
उरलेला दुसऱ्या डोळ्याशी वर येतो.
परत किती आला, त्यावरून हिशेब:
श्वासातलं आत किती पोचलं.

आमच्या कागलात अक्काताई सुईण होती.
ती टाळूवर बोट ठेवायची, न दाबता.
"उडतीय," म्हणायची. "आत माणूस हाय."

हाताला लावलेल्या यंत्रावर नुसत्या रेघा. हातच गार.
कपाळाचा आकडा आधी आला.
एकोणतीस.
एकतीस.
"एकतीस, सर."
एकतीस.
पहिल्या मिनिटांत कमीच असतो, मला ठाऊक आहे,
तक्ता भिंतीवर मीच चिकटवलाय.
पण तक्ता भिंतीवर असतो.

बाहेर बाकड्यांसमोर टीव्ही मोठ्यानं चालू होता,
किरणोत्सवाचा तिसरा दिवस.
मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरलं होतं,
गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्याच्या पायऱ्या चढत होतं,
आणि निवेदकाचा आवाज दर पायरीला वर जात होता.
आला! चरणांवर आला!
कुणीतरी आवाज कमी करा,
असं मला ओरडायचं होतं. नाही ओरडले.

"ऑक्सिजन वाढवू?"
"थांबा."
सरांनी मान अर्धा बोट मागे केली,
मास्क उचलून पुन्हा बसवला.
दाब, दोन, तीन.
छाती वर आली.
खरंच आली का, म्हणून मी खाली वाकले,
आणि आकडा बघायचा राहिला.
चौतीस होऊन अडतीसवर गेला होता.

दाराशी बाप. हुपरीत चांदीचं काम करतो,
बोटांवर भाजल्याचे जुने डाग.
"सिस्टर, धातूचा रंग बघून मी ताव सांगतो.
पोराचा रंग सांगा की."
रंग मला तेव्हा दिसतच नव्हता.
"चव्वेचाळीस," मी म्हटलं.
तो पाहत राहिला.
"चव्वेचाळीस म्हंजे?"
मी दार लोटलं.

बावन्न.
सत्तावन्न.
मग एक आवाज आला, रडणं म्हणता येणार नाही,
गोणपाटात अडकलेल्या मांजराच्या पिल्लासारखा,
आणि मगदूम सरांनी मोजणं मध्येच सोडलं,
दाब, दोन,

बाहेर ऊन कंबरेपाशी थांबलं म्हणे.
हवेत बाष्प होतं, क्षितिजावर ढग.
मुखापर्यंत पोचलं नाही. लोक उठले.
आमच्याकडे चौसष्ट.

दोन किलो सातशे.
रजिस्टरमध्ये आकडे ओळीनं लिहिले.
पुढं पोर कसं बोलेल, कसं चालेल,
ते या आकड्यांत नसतं.
तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय.

रात्री पद्मजाच्या कुशीत दिलं तेव्हा
कपाळावर तांबूस चौकोन उमटला होता.
"हे गंध कुणी लावलं?"
"पट्टीचं आहे. जाईल दोन दिवसांत."
तरी तिनं पदराच्या टोकानं पुसून पाहिलं.
जाईना,
तेव्हा वर टाळूपाशी बोट नेलं
आणि ठेवलं,
न दाबता.